नवीन वर्षात मन पॉझिटिव्ह कसं ठेवायचं? आधी मशीनचे तास मोज

प्रश्न असा आलाय: "काका, बेळगावजवळच्या मच्छेत माझं छोटं सीएनसी शॉप आहे, कॉम्प्युटरवर चालणारी, धातूचे पार्ट कापणारी दोन मशीन, चार पोरं. ऐंशी टक्के काम एकाच पार्टीचं, म्हणजे एकाच गिऱ्हाईक कंपनीचं. दिवाळीनंतर त्यांनी ऑर्डरचं शेड्यूल कमी केलं. रात्री तीनला जाग येते ती परत डोळा लागत नाही. नवीन वर्षात पॉझिटिव्ह राहायचं ठरवलंय, व्हिडिओ बघतो, रोज सकाळी चांगले विचार वहीत लिहितो, पण शटर वर केलं की छातीत धस्स होतं. तुम्ही एवढी वर्षं उद्यमबाग इंडस्ट्रियल एरियात काढलीत, तुम्ही कसं करता?"

आधी एक सांगतो, तुला जे होतंय ते मला झालंय आणि आमच्या लाईनीत असा एकही माणूस मला माहीत नाही ज्याला झालं नाही. फरक एवढाच की कोण बोलतं आणि कोण बोलत नाही. तू विचारलंस हे बरं केलंस, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, चहा घेऊन वाच.

२००८ च्या सप्टेंबरात तिकडे अमेरिकेत लेहमन बँक बुडाली, पेपरात वाचलं, म्हटलं आपला काय संबंध. दिवाळी होईपर्यंत संबंध कळला. गाड्यांच्या पार्टचं काम करणारे सगळेच बसले, माझ्याकडे तेव्हा दोन साधे लेथ आणि एक नवीन घेतलेलं सीएनसी, त्याचा हप्ता चालू, आणि काम जवळजवळ निम्म्यावर. मी काय केलं? हिशोबाची वही ड्रॉवरमध्ये टाकली आणि चार महिने उघडलीच नाही. रोज सकाळी कपिलेश्वराला जाऊन यायचो, पोरांसमोर हसून बोलायचो, मित्र भेटला की "मस्त चाललंय" म्हणायचो. बाहेरून बघितलं तर माझ्याएवढा पॉझिटिव्ह माणूस अख्ख्या उद्यमबागेत नव्हता. आणि आतून रोज रात्री पोटात गोळा.

शेवटी एका रविवारी बायकोनं वही काढून पुढ्यात ठेवली. म्हणाली, "लपवून ठेवून काय करालाय? उघडा की एकदा." दोघं दुपारी जेवून बसलो ते दिवेलागणीपर्यंत. मला वाटत होतं आठ-दहा लाखाचा खड्डा असेल. निघाला साडेतीन लाखाचा, आणि त्यातले सव्वादोन लाख दोन पार्ट्यांकडून येणं होतं, म्हणजे माझेच पैसे. त्या रात्री मी झोपलो. परिस्थिती तीच होती, एक रुपया वाढला नव्हता, पण भीतीला आकडा मिळाला होता, आणि आकडा मिळाला की माणूस पुढं काय करायचं ते बघायला लागतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं, तू सकाळी जी चांगल्या विचारांची वही लिहितोस ती थोडे दिवस बाजूला ठेव आणि दुसरी वही घे. आता तुझे खरे आकडे मला माहीत नाहीत, मी उदाहरण म्हणून धरतो, तू तुझे घाल. दोन मशीनचे हप्ते मिळून ८०,०००. चार पोरांचा पगार ८५,०००. लाईट बिल ३०,०००. शेडचं भाडं २५,०००. इन्सर्ट, कूलंट, ऑईल, टूलिंग ३५,०००. घरखर्चाला तू काढतोस ते ४०,०००, हे लिहायला लोक विसरतात आणि मग हिशोब चुकतो. बाकी किरकोळ, टेम्पो, सीएची फी वगैरे १५,०००. झाले ३,१०,०००.

आता तास. दोन मशीन, रोज १६ तास, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ८०० तास पूर्ण क्षमता. तुझा रेट तासाला ४५० धरू. ३,१०,००० भागिले ४५०, येतात साधारण ६८९. म्हणजे महिन्याला ६८९ तास मशीन फिरली की तू कुणाचं काही लागत नाहीस. आता शेड्यूल कमी झाल्यामुळे समज ६०० तासच फिरतायत. कमी किती? ९० तास. दिवसाला दोन मशीन मिळून साडेतीन-पावणेचार तास.

हे बघ, रात्री तीनला तुझ्या डोक्यात जे येतं ते "माझा धंदा बुडणार" असं येतं. वहीत बघितलं तर "मला दिवसाला पावणेचार तासाचं काम आणायचंय" एवढंच आहे. धंदा बुडणार या वाक्यावर काहीच करता येत नाही, पावणेचार तासाचं काम मात्र शोधता येतं. तुझा आकडा ९० नसेल, २०० असेल, तरी चालेल, २०० ला पण काहीतरी करता येतं. आणि समजा आकडा असा निघाला की एक मशीन विकल्याशिवाय पर्यायच नाही, तर ते सुद्धा जानेवारीत कळलेलं बरं, ऑगस्टमध्ये बँकेच्या नोटिशीनं कळण्यापेक्षा. मशीन विकणं म्हणजे हरणं असं आपल्याकडे मानतात, मी मानत नाही. माझ्या ओळखीच्या एकानं तीनाची दोन केली आणि आज तो माझ्यापेक्षा निवांत आहे.

चांगला विचार करू नको असं मी म्हणत नाहीये. पण नुसतं चांगलं चित्र रंगवण्याचा उलटा परिणाम होतो हे अभ्यासातून पण दिसलंय. गॅब्रिएल ओटिंगेन म्हणून एक मानसशास्त्रज्ञ बाई आहेत, त्यांनी शिक्षण संपवून नोकरी शोधणाऱ्या पोरांचा अभ्यास केला. जी पोरं मस्त नोकरी लागल्याची स्वप्नं जास्त रंगवत होती त्यांनी अर्ज कमी केले आणि दोन वर्षांनी त्यांना ऑफरही कमी आल्या, पगारही कमी मिळाला. ज्यांना आपलं जमेल असा साधा भरवसा होता त्यांचं बरं झालं. म्हणजे स्वप्न रंगवणं वेगळं आणि भरवसा वेगळा. मला जे समजलं ते असं की मनात काम झाल्यासारखं वाटलं की अंगातली धग कमी होते. त्या बाई म्हणतात, काय हवंय ते लिहा आणि लगेच त्याच्याखाली आपल्या आतली कुठली गोष्ट आडवी येतेय ते लिहा.

ते आडवं येणारं लिहायला लाज वाटते, पण लिहायचंच. माझ्या बाबतीत काय होतं सांगू? काम मागायला जायची लाज. आम्ही शेतकरी घरातले, येळ्ळूरकडची भातशेती, आमच्या घरात कुणी कुणाच्या दारात काही मागायला गेलं नव्हतं. कंपनीच्या गेटवर पास करून, परचेसच्या साहेबाची दोन तास वाट बघत बसायचं म्हणजे मला अपमान वाटायचा. मग मी कारणं काढायचो, आज पाऊस आहे, आज ऑपरेटर आला नाही, आज अमावस्या आहे. माझ्या कमी पडणाऱ्या तासांच्या आड मंदी फार कमी होती, मीच जास्त होतो. तुझ्या आड काय आहे ते तुलाच माहीत. कन्नड नीट येत नाही म्हणून हुबळीला जायचं टाळतोयस का? असेल तर मोडकंतोडकं बोल, लोक खूश होतात. मी आजपण चुकीचंच कन्नड बोलतो आणि माझी दोन जुनी गिऱ्हाईकं हुबळीच्या गोकुळ रोडचीच आहेत.

आता ते ९० तास कुठून आणायचे? आपली जागा बघ जरा. बेळगावात बसून आपण नेहमी पुण्याकडं बघतो, मोठी पार्टी, मोठी ऑर्डर. पण शंभर-दीडशे किलोमीटरच्या आत काय काय आहे बघ. वर कोल्हापूर, तिथल्या फाउंड्र्या, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. खाली हुबळी-धारवाड. घाट उतरून गोवा, तिथं वेर्ण्याच्या कारखान्यांना मेंटेनन्सचे सुटे पार्ट लागतात, नग थोडे पण रेट चांगला. आपली भाजी रोज चोर्ला घाटानं गोव्याला जाते आणि पार्ट का जाऊ नये? महाराष्ट्राच्या बाजूला, चंदगडच्या हद्दीत शिनोळी तर पलीकडच्या गल्लीसारखीच आहे. आणि आपल्याच जिल्ह्यातले साखर कारखाने, गळीत संपलं की ओव्हरहॉलिंग सुरू होतं, शाफ्ट, बुश, पंपाच्या स्लीव्ह, हे काम पावसाळ्याआधी निघतं पण त्यासाठी व्हेंडर म्हणून नाव आत्ता जानेवारी-फेब्रुवारीत घालून ठेवावं लागतं. सगळं तुझ्या मशीनवर बसेल असं नाही, मोठे शाफ्ट तर नाहीच, पण एखाद्याचं बसेल. तुला सगळ्या जगाचं काम नकोय, तुला ९० तास हवेत.

एक ठरवून टाक, कुठल्याही एका पार्टीचं काम निम्म्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. एका वर्षात होणार नाही, ऐंशीचं पासष्टवर आलं तरी पुष्कळ. मला हे २०१९ नं पक्कं शिकवलं. त्या ऑगस्टला पूर आला, कोल्हापूरजवळ हायवे पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद, माझा तयार माल इथंच पडून, बहुतेक गिऱ्हाईकं वरच्या बाजूची. तेव्हा हुबळीच्या कामावर पगार निघाले. पुढच्या मार्चला लॉकडाऊन लागला तेव्हा तर सगळंच बंद, ते वेगळं, पण उघडल्यावर सुद्धा कोगनोळीच्या सीमा नाक्याला तपासणी, चंदगडकडची पोरं कामाला येऊ शकत नव्हती, अशा वेळी हद्दीच्या दोन्ही बाजूला गिऱ्हाईक असणं काय असतं ते कळलं. सीमेवर राहणाऱ्या माणसानं दोन्हीकडं पाय ठेवूनच धंदा करावा असं माझं मत झालंय.

पैशाचं बोलू, कारण निम्मी निगेटिव्हिटी अडकलेल्या पैशाची असते. इथं बऱ्याच पोरांना कायदा माहीत नाही. तुझी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आहे का? नसेल तर आजच कर, ऑनलाइन होते, फुकट होते, कुणा एजंटला पैसे देऊ नको. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यानं मायक्रो आणि स्मॉल युनिटचं पेमेंट लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचं असतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. हे आधीपासून होतंच, पण कोण मागणार, मागितलं की काम जाईल ही भीती. २०२४ च्या १ एप्रिलपासून आयकरात एक तरतूद लागू झाली, सीए लोक तिला ४३बी एच म्हणतात. पार्टीनं त्या मुदतीत पैसे दिले नाहीत आणि ३१ मार्चला पण ते बाकीच असले, तर तो खर्च त्यांना त्या वर्षी धरता येत नाही, जेव्हा देतील त्या वर्षी धरायचा. म्हणजे तुझे पैसे अडकवले तर त्यांचा टॅक्स वाढतो. म्हणून आता त्यांचे अकाउंटवालेच मार्चमध्ये यादी काढून बसतात.

याचा उपयोग असा की जानेवारी ते मार्च हे वसुलीचे सगळ्यात चांगले तीन महिने. बिलावर उद्यम नंबर छाप, तू मायक्रोमध्ये येतोस ते लिही, आणि जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्या पार्ट्यांच्या अकाउंट खात्याला नम्र भाषेत मेल टाक, सोबत सर्टिफिकेट आणि बाकी बिलांची यादी. फेब्रुवारीच्या मध्याआधीची बिलं ३१ मार्चच्या आत ४५ दिवस ओलांडतात, त्यांच्यावर खूण करून ठेव. भांडायचं नाही, धमकी द्यायची नाही, फक्त कागद पोचवायचा. मला एका पार्टीनं सात महिने "नोडोण, नोडोण" म्हणत फिरवलं होतं, कन्नडमध्ये बघू बघू, हा असा मेल गेल्यावर तीन आठवड्यांत निम्मं पेमेंट आलं. मात्र नीट लक्षात घे, हे मॅन्युफॅक्चरिंग आणि सर्व्हिसवाल्यांना लागू आहे, निव्वळ ट्रेडिंग असेल तर नाही. शहापूरचे माझे एक साडीवाले मित्र मला विचारत होते, त्यांना हेच सांगितलं, त्यांना उधारी दुसऱ्या पद्धतीनंच आवरावी लागेल.

आता रोजच्या मनाचं. मी शटर उघडल्यावर पहिला अर्धा तास मोबाईल बघत नाही. देवाला उदबत्ती, मग मशीनभोवती एक फेरी, कालची रिजेक्शन, म्हणजे नापास नग, किती ते बोर्डवर बघायचं, मग पोरांशी बोलायचं. दुसऱ्याचं स्टेटस बघून दिवस सुरू केला की संपलं. नवीन मशीनचा हार घातलेला फोटो सगळे टाकतात, हप्ता थकल्याचा फोटो कोण टाकत नाही, आणि आपण आपल्या वहीची तुलना त्यांच्या फोटोशी करतो.

दुसरं, जर-तर लिहून ठेव. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं यावर बरंच काम केलंय, नुसता संकल्प केला तर राहून जातो, पण "अमुक झालं तर मी तमुक करीन" असं वेळ-जागेसकट ठरवलं तर माणूस ते करण्याची शक्यता वाढते. माझ्या टेबलाच्या काचेखाली अजून कागद आहे: दुपारी १२ ला एखादी मशीन रिकामी असेल तर तीन फोन करायचे. पार्टीनं रेट कमी कर म्हटलं तर तिथल्या तिथं हो म्हणायचं नाही, उद्या सांगतो म्हणायचं आणि तासाचा खर्च बघायचा. रात्री जाग आली तर उशाच्या वहीत ती काळजी लिहायची आणि पुढं उद्या किती वाजता त्याचं काय करणार ते लिहायचं. हे शेवटचं करून बघ, मला तरी उपयोग झाला, लिहिलं की डोकं सोडून देतं.

आणि पोरांपासून लपवू नको. तुला वाटतं त्यांना कळत नाही, अरे मशीन रिकामी आहे हे तुझ्या आधी ऑपरेटरला कळतं. माझ्याकडे निम्मी पोरं चंदगडकडची, निम्मी बैलहोंगलकडची, जेवणाच्या सुट्टीत मराठी-कन्नड एकत्र शिजत असतं. २००९ ला मी त्यांना बसवून खरं सांगितलं, तीन महिने ओव्हरटाईम नाही, पगार मात्र तारखेला होणार, कुणाला दुसरीकडं बरं मिळत असेल तर रागावणार नाही. एकजण गेला. बाकी राहिले, आणि त्यातल्या एकानंच त्याच्या मेव्हण्याच्या ओळखीनं मला हुबळीचं पहिलं गिऱ्हाईक दिलं. मी चार महिने हसरा चेहरा करून फिरत होतो तेव्हा ते काम त्या पोराच्या खिशातच होतं, मी सांगितलं नाही म्हणून त्यानं दिलं नाही. हे मी कधी विसरत नाही.

घरी पण सांग. वडिलांना तर सांगच, ते चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत, पण नंतर तेच बाजूला उभे राहतील.

एक गोष्ट गांभीर्यानं. हिशोब मांडून, बोलून सुद्धा झोप येत नसेल, जेवण जात नसेल, जगण्याचाच कंटाळा आलाय असे विचार येत असतील तर डॉक्टरांकडं जा, त्याचा धंद्याशी आणि हिमतीशी संबंध नाही. मनाच्या आरोग्यासाठी सरकारची टेली-मानस फोन लाईन आहे, १४४१६, फुकट, दिवसरात्र, मराठी-कन्नड दोन्हीत बोलता येतं. दुखण्याला औषध घेतो तसंच आहे हे.

नवीन वर्ष म्हणशील तर आपल्याकडं चार आहेत, १ जानेवारी, गुढीपाडवा, १ एप्रिल आणि दिवाळीचा पाडवा. त्यामुळे १ तारखेलाच सगळं बदललं पाहिजे असा ताण घेऊ नको. जानेवारीत वही मांड आणि मेल टाक. गुढीपाडव्यापर्यंत पाच नवीन गेटवर जाऊन ये, पाच म्हणजे पाचच, ऑर्डर मिळाली की नाही ते मोजू नको, गेट मोज, कारण ऑर्डर तुझ्या हातात नाही, गेटवर जाणं आहे. १ एप्रिलला परत तास मोज. ९० चे ६० झाले असतील तर तुझ्या छातीतली ती धस्स आपोआप थोडी कमी झालेली असेल, तू विचार लिहिलास म्हणून नाही, तुझ्या मनाला पुरावा मिळाला म्हणून.

येत्या शनिवारी संध्याकाळी वही घेऊन ये, लाईट बिल आणि हप्त्यांचे कागद पण आण. मी साडेसातपर्यंत शॉपवर असतो. तासाचा रेट दोघं मिळून काढू, तुझा ४५० आहे असं मी धरलंय खरं, पण मला वाटतंय तू त्याहून कमीत काम करत असशील.